अंदाज, ताळा आणि दुरुस्ती

पाणी कसे वाहते, हा प्रश्न अंबड तालुक्याला नवा नाही. पैठणचा डावा कालवा आपल्या परिसरातून पुढे परभणीकडे जातो. आवर्तन सुटले की ते टेलच्या शेतापर्यंत पोहोचेल का, ही चिंता येथील अनेक घरांनी अनुभवलेली आहे. परंतु हाच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला की आपली मुले बिचकतात. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि जी वसतिगृहात राहून शिकतात, त्या मुलांच्या कानावर ‘गणित आपले काम नव्हे’ हे वाक्य फार लवकर पडते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वाक्याविरुद्ध आम्ही एक साक्ष मांडू इच्छितो. ती साक्ष आहे प्रा. सुहास पाटणकर यांच्या कार्याची.

प्रा. पाटणकरांचा जन्म १९४१ साली पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये ते यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९६४ मध्ये त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९६७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून डॉक्टरेट संपादन केली. तेथे प्रा. ब्रायन स्पाल्डिंग हे त्यांचे मार्गदर्शक होते. पुढे इंपीरियल कॉलेज, कानपूरची आयआयटी आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ येथे अध्यापन व संशोधन करून १९७५ मध्ये ते अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले. त्यांचा विषय द्रायुयामिकी, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या प्रवाहाचे व त्यासोबत वाहणाऱ्या उष्णतेचे शास्त्र.

हा विषय किती अवघड आहे, हे उदबत्तीचा धूरही सांगतो. तो थोडा वेळ सरळ रेषेत चढतो आणि मग अचानक वेटोळे घेत विस्कटतो. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून हेच दाखवले. प्रवाह संथ असेतो धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती मोडून साऱ्या नळीत पसरली. या प्रक्षुब्ध अवस्थेला टर्ब्युलन्स म्हणतात. प्रवाहाची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहिली होती. मात्र त्यांना सदैव सुसंगत उकल असते का, हे आजही सिद्ध झालेले नाही. त्यासाठी २००० साली क्ले गणित संस्थेने जाहीर केलेले दहा लाख डॉलरचे पारितोषिक अद्याप कोणालाही मिळालेले नाही.

पण अभियंत्याला उत्तरासाठी शतकभर थांबता येत नाही. त्याला भट्टी, टर्बाइन, नळ यांची रचना आजच करायची असते. येथे एक विचित्र अडचण येते. दाबातील फरकामुळे प्रवाहाला गती मिळते. परंतु तो दाब काढण्यासाठी स्वतंत्र समीकरणच हाती नसते. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये यावर जी रीत मांडली, ती जगभर ‘सिंपल’ या नावाने ओळखली जाते.

ही रीत आठवीच्या मुलालाही समजावी अशी आहे. प्रवाहाच्या जागेचे लहान लहान कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यातील दाब अंदाजाने धरायचा आणि त्यावरून वेग काढायचा. मग ताळा करून पाहायचा: कप्प्यात जितके पाणी आले तितकेच बाहेर गेले का? आत येणारे जास्त भरले, तर तेथील दाब कमी धरला गेला होता. तो थोडा वाढवायचा. बाहेर जाणारे जास्त भरले, तर उतरवायचा. सर्व कप्प्यांचा हिशेब जुळेपर्यंत हीच फेरी पुन्हा पुन्हा करायची. टर्ब्युलन्समधील प्रत्येक भोवरा यात मोजला जात नाही. सरासरी प्रवाह काढून भोवऱ्यांचा परिणाम एखाद्या ठोकळ प्रतिमानाने धरला जातो. म्हणूनच हे उत्तर अंतिम सत्य नसते. परंतु काम चालावे इतके ते खरे असते आणि पुढे सुधारता येते.

आमचे म्हणणे येथूनच सुरू होते. या रीतीत पहिला अंदाज चुकणार हे गृहीतच धरलेले आहे. चूक किती झाली आणि कोणत्या दिशेने झाली, हेच पुढच्या पावलाचे साधन ठरते. आपल्या वर्गांत मात्र चुकीच्या उत्तरावर लाल रेघ पडते आणि विषय तेथेच संपतो. ताळा करून स्वतःची चूक शोधण्याची संधी मुलाला मिळत नाही. मग ते उत्तर देणेच सोडते आणि आपण म्हणतो, याला गणितात गती नाही.

प्रा. पाटणकरांचे १९८० चे पुस्तक शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. संख्यात्मक पद्धतीने उष्णता व प्रवाह यांचे गणन शिकवणारे हे पुस्तक जेमतेम २०० पानांचे आहे. आरंभ होतो एका दिशेने जाणाऱ्या उष्णतेच्या सोप्या उदाहरणापासून. त्याला अगदी मोजके, चार मूलभूत नियम जोडले जातात आणि पायरीपायरीने वाचक प्रवाहाच्या गणितापर्यंत पोहोचतो. पहिला नियम तर व्यवहारातलाच आहे: शेजारच्या दोन कप्प्यांमधील सामाईक भिंतीतून एकातून जितके बाहेर गेले, तितकेच दुसऱ्यात आले पाहिजे. ज्ञान सोपे करून सांगणे म्हणजे ते हलके करणे नव्हे, हे या पुस्तकाने सिद्ध केले.

कोणी म्हणेल, पुण्यात जन्मलेल्या आणि लंडनला शिकलेल्या माणसाचा दाखला अंबडच्या मुलांना कशासाठी? आक्षेप रास्त आहे. संधी सारख्या नव्हत्या आणि आजही नाहीत; ती विषमता प्रेरणेच्या दोन शब्दांनी मिटत नाही. परंतु जलनियोजनाचा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेत लक्ष घातले होते. शिवाय शहर, घराणे, ओळख या गोष्टी उचलून आणता येत नसल्या, तरी विचार करण्याची रीत आणता येते. ‘सिंपल’वर आधारलेली गणना करणारी ओपनफोमसारखी प्रणाली आज विनामूल्य मिळते. ती बसवायला एक साधा संगणक आणि समजावणारा एक माणूस लागतो. उणीव आहे ती त्या माणसाची.

म्हणून आमची विनंती नेमकी आहे. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी सत्कारापुरते न येता वर्षातून एक आठवडा शाळेला द्यावा. मुलांना कालव्यावर न्यावे, पाण्याचा वेग मोजायला लावावा आणि विसर्गाचा हिशेब त्यांच्याच हाताने जुळवून घ्यावा. शिक्षकांनी चुकलेल्या उत्तरापुढे लाल रेघेऐवजी ‘ताळा करून पाहा’ असे लिहावे. पालकांनी, स्वतः शाळा पाहिली नसली तरी, ‘गणित आपले काम नव्हे’ हे वाक्य घरात उच्चारू नये. टेलच्या शेतापर्यंत पाणी का पोहोचत नाही, याचे उत्तर उद्या आपल्याच वसतिगृहातील एखाद्या मुलीला काढता यावे. त्यासाठी आज तिचा पहिला अंदाज चुकू देण्याइतका धीर आपण मोठ्यांनी दाखवला पाहिजे.