पान्यांना घर, वेल्डिंगशिवाय

नोकरी बेळगावात, पण रविवार शेतातला. गेल्या सुगीत बांधावरून ट्रॅक्टर उतरवताना ब्रेक दाबला, तर पेडल खाली जाईना. पायापाशी ठेवलेला १९ चा पाना घरंगळून पेडलखाली अडकला होता. ट्रॅक्टर कसाबसा थांबला. आप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पान्यांना घर कर बाबा."

वेल्डिंगचा विचार सोडला. डिझेलची टाकी जवळ, ठिणग्या उडणार. बॅटरीच्या वायरी न सोडता वेल्डिंग केलं तर अल्टरनेटरही जळू शकतो.

घरातली जुनी पत्र्याची पेटी घेतली. छताच्या मागच्या पाइपाच्या मापाचे दोन यू-बोल्ट आणले. पेटीच्या पाठीला चार भोकं पाडली. पत्रा फाटू नये म्हणून आतून लोखंडी पट्ट्या लावल्या. पाइप आणि पेटीच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घातला आणि नायलॉक नट आवळले. पाणी साठू नये म्हणून तळाला दोन बारीक भोकं, पाने वाजू नयेत म्हणून आत गोणपाट. झाकणाला घट्ट कडी.

तुम्ही करणार असाल तर लिफ्ट पूर्ण वर उचलून पेटीला काही घासत नाही ना, ते बघा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा आवळा. ट्रॅक्टर उलटल्यावर जीव वाचवणारी चौकट असेल, तर तिला भोक पाडू नका.

पेटी बसली तेव्हा आप्पांनी आत पहिल्यांदा ठेवला तो १९ चा पानाच.