एक की दोन?

हजेरी घेताना एका नावाला दोघे एकदम 'हजर' म्हणून उभे राहिले, की सारा वर्ग हसतो. गुरुजींना मात्र क्षणभर थांबून पाहावे लागते. नाव एक आणि माणसे दोन, किंवा माणूस एक आणि नावे दोन, हा घोटाळा हजेरीपटाइतकाच जुना आहे. आज तो एका फार मोठ्या पटावर अवतरला आहे. त्याविषयी आमचे मत येथे मांडावे, असे आम्हांस वाटते.

हा मोठा पट म्हणजे ज्ञानजाल, अर्थात नॉलेज ग्राफ. व्यक्ती, गाव, ग्रंथ अशा प्रत्येकाची त्यात एक स्वतंत्र नोंद असते आणि 'जन्मस्थान', 'लेखक', 'पिता' अशा संबंधांनी या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतात. २०१२ साली सुरू झालेला 'विकिडेटा' हा असाच एक संग्रह. त्यात कोणासही भर घालता येते. म्हणूनच एकाच गोष्टीची नोंद दोनदा होण्याचा संभवही तेथे सदैव असतो.

बडोद्याच्या वाचकांस जवळचे असे एक उदाहरण घेऊ. तत्कालीन बडोदे संस्थानातील नवसारी येथे १८८५ साली राम गणेश गडकरी यांचा जन्म झाला. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, तर विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. समजा, तिघांनी या तीन नावांच्या तीन नोंदी केल्या. मग 'एकच प्याला' एकीकडे राहील, 'वाग्वैजयंती' दुसरीकडे जाईल, आणि वाचकास तीन अपुरे लेखक भेटतील. पुरे गडकरी भेटणारच नाहीत. आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत तर हा धोका अधिक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनकर्णिका गोखले. नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, तर यंत्राने त्यांस ओळखावे तरी कसे?

यंत्राची रीत अशी. एक हजार नोंदींतील प्रत्येक जोडी ताडून पाहावयाची, तर ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. म्हणून जन्मवर्षासारख्या एखाद्या खुणेवरून प्रथम गट पाडतात. वीसवीस नोंदींचे पन्नास गट केले, तर ९,५०० तुलनांत काम भागते. मात्र जन्मवर्षच चुकीचे लिहिलेले असेल, तर खरी जोडी वेगळ्या गटांत पडून निसटते. यास्तव गट अनेक खुणांवरून पाडावे लागतात. पुढे प्रत्येक साम्यास त्याच्या मोलाप्रमाणे गुण देतात. आडनाव 'जोशी' जुळले, तर थोडे. दुर्मिळ आडनाव जुळले, तर अधिक. 'गडकरी' आणि 'गोविंदाग्रज' ही नावे परस्परांशी जुळत नाहीत. पण दोन्ही नोंदींतील जन्म-मृत्यूच्या तारखा एकच असतील, तर संशयास भक्कम आधार मिळतो.

परंतु संशय म्हणजे निवाडा नव्हे, आणि आमचे सांगणे नेमके येथेच आहे. एकाच आद्याक्षराच्या जुळ्या भावांचा विचार करा. आडनाव, पित्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, सारे एक! आद्याक्षरेच लिहिलेल्या यादीवरून यंत्र त्यांस बेधडक एक ठरवील आणि एका भावाचे अस्तित्वच पुसले जाईल. पहिले आणि दुसरे बाजीराव यांच्या नोंदी कोणी एकत्र केल्या, तर १७२८ साली पालखेडला निजामास कोंडीत पकडणारा पेशवा १८१८ साली इंग्रजांस शरण गेला, असा विलक्षण इतिहास तयार होईल. आजोबांच्या पराक्रमात नातवाची शरणागती मिसळेल, आणि यंत्रास त्याची खंत वाटणार नाही.

दुहेरी नोंद ही उणीव खरी; पण ती पुढे केव्हाही भरून काढता येते. चुकून एकत्र केलेल्या नोंदीत मात्र कोणती माहिती कोणाची, हे निवडणे दुधातून पाणी वेगळे करण्याइतके अवघड होते. म्हणून संशय असेल तेथे नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेलेगी आणि सन्टर या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली या विषयाची जी उपपत्ती मांडली, तीतही 'एकच' आणि 'भिन्न' यांखेरीज 'कदाचित' असा तिसरा वर्ग ठेवून तो माणसाच्या तपासणीसाठी राखला होता. विकिडेटातही दोन नोंदी परस्परांहून भिन्न आहेत, असे मुद्दाम नमूद करण्याची सोय आहे. 'हे दोघे एक नव्हेत' हेदेखील ज्ञानच होय!

ही तपासणी करणार कोण? गोविंदाग्रज म्हणजे कोण, हे जो मराठी वाचतो, तोच सांगू शकेल. आपल्या भाषेतील माणसांची ओळख परक्यांच्या तर्कावर सोपवून आपण स्वस्थ बसणे योग्य नाही. तेव्हा मित्रहो, गावाच्या, ग्रंथाच्या वा लेखकाच्या दोन नोंदी दिसल्या, तर घाईने त्या एक करू नका आणि दुर्लक्षही करू नका. पुरावा पाहा, तारखा ताडा, जाणत्यांस विचारा, आणि मगच हात घाला. गुरुजी हजेरीच्या वेळी क्षणभर थांबतात, ते उगाच नव्हे.