अ‍ॅनाकोस्टियाचे पाणी कोणाचे?

वॉशिंग्टन शहराच्या पूर्वभागातून वाहत जाऊन पोटोमॅकला मिळणाऱ्या अ‍ॅनाकोस्टिया नदीवर तेथील शाळांतील कृष्णवर्णीय मुलांना होड्यांतून नेण्याचा व त्यांच्या हाती वल्हे देण्याचा जो उपक्रम काही संस्थांनी चालविला आहे, तो सर्वथा अभिनंदनीय आहे. मात्र या मुलांना निसर्गाची ओढच नसते असा जो समज अमेरिकेत अद्याप वावरतो, त्याचा समाचार प्रथम घेतला पाहिजे.

ओढ नाही म्हणणाऱ्यांनी १९४९ सालचे दप्तर उघडावे. केंद्र सरकारच्या मालकीचे जलतरण तलाव सर्व वर्णांना खुले राहतील असा हुकूम सुटताच याच नदीकाठच्या तलावावर कृष्णवर्णीय मुले पोहावयास आली, गोऱ्यांच्या जमावाने त्यांना पिटाळले, दंगल उसळली आणि सरकारने त्या हंगामापुरते तलावालाच कुलूप ठोकले. पुढे, मिसिसिपीतील जॅक्सन शहराने सर्वांस प्रवेश देण्यापेक्षा आपले तलावच बंद केले, तेव्हा त्यात घटनाभंग नाही असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला! ज्यांना पाण्यात उतरण्याची मुभा नव्हती त्या आईबापांनी मुलांना पाण्याचे भयच शिकविले, यात नवल कसले? दहा ते चौदा वर्षांची कृष्णवर्णीय मुले तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सातपटींहून अधिक आहे, असे तेथील आरोग्य खातेच नमूद करते. चवदार तळे ठाऊक असलेल्या मराठी वाचकास याहून विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही.

आणि तरीही १९४५ साली कृष्णवर्णीय नौकाप्रेमींनी याच काठावर सीफेअरर्स यॉट क्लब उभा केला, आणि शहराच्या मैल्याने नासलेल्या या नदीची सफाई त्याचे सभासद वर्षानुवर्षे करीत आले.

म्हणून एका दिवसाच्या सहलीवर, छायाचित्रे काढून, समाधान मानणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. होडीत बसविण्याआधी शाळेनेच पोहणे शिकवावे, आणि शिकविणारे त्याच वस्तीतले असावेत. मैलापाणी अडविणारा भुयारी नळ २०१८ पासून चालू झाल्याने नदी निवळू लागली आहे. परंतु नदी निवळली की काठच्या जमिनीचे भाव चढतात, भाडी वाढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या दुर्गंधी सोसलेली कुटुंबे उठून जातात. ती तेथेच राहतील अशी तजवीज नगरप्रशासनाने, घाटावर नवे धक्के बांधण्यापूर्वी, केली पाहिजे.