आधीं मदरबोर्ड, मग प्रोसेसर

कंपनीनें बांधून विकलेला तयार संगणक घरीं असला, म्हणजे त्याच्या पोटांत काय आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तो मंद झाला, कीं ‘प्रोसेसर बदला’ असा सल्ला चहूंकडून मिळूं लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा थांबविला, तेव्हांपासून या सल्ल्यास विशेषच जोर आला आहे. कारण विंडोज ११ च्या मान्य यादींत इंटेलचे प्रोसेसर बहुतांशीं आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. ज्यांच्या घरीं सहाव्या किंवा सातव्या पिढीचें यंत्र आहे, त्या पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं आमचे हे चार शब्द वाचावे.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याकडे कोअर आय५-६५०० हा प्रोसेसर असलेला डेस्कटॉप आहे. दुकानदारानें वडिलांस सांगितलें, “सॉकेट एकच आहे, आय५-८४०० घ्या, बसेल.” तो बसवितांना आम्ही जवळच होतों व आम्हींही मान डोलावली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. प्रोसेसर बसला खरा! पंखा फिरला, पडदा मात्र काळा तो काळाच. वापरलेला माल परत घेत नाहीं, असें दुकानदारानें सांगितल्यावर वडील कांहीं बोलले नाहींत. मुलाच्या शिकवणीचे दोन महिन्यांचे पैसे त्यांत गेले होते.

‘बसणें’ आणि ‘चालणें’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. २०१५ सालीं सहाव्या पिढीबरोबर एलजीए ११५१ हें सॉकेट आलें. २०१७ च्या ऑक्टोबरांत आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, तेव्हां नांव तेंच, टोंकें तींच ११५१; परंतु कोणत्या टोंकाचें काम काय, यांत फेरफार झाला व वीज नेणारीं टोंकें वाढलीं. त्या प्रोसेसरांस इंटेलनें ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरविला. आमच्या विद्यार्थ्याचा मदरबोर्ड १०० मालिकेचा. कांहीं हुन्नरी लोकांनीं बायॉसमध्यें बदल करून असे जोड चालविलेही आहेत. पण घरांतल्या एकुलत्या एक यंत्रावर तो प्रयोग करूं नये. याउलट ११५६ व ११५५ यांत एकाच टोंकाचा फरक असून त्यांच्या खांचाच जुळत नाहींत. तें बरें, चूक निदान हातालाच कळते.

मग पाहावें काय? विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकींत मदरबोर्डाचें नांव व बायॉसची आवृत्ति मिळते. सीपीयू-झेड या फुकट कार्यक्रमांत चिपसेटही कळतो. हें टिपून घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची पुस्तिका उघडावी. कंपन्या एकच मॉडेल निरनिराळ्या प्रोसेसरांसह विकतात. त्या यादींतील सर्वांत वरचा जो, तेथपर्यंत जाण्यास सामान्यतः हरकत नसते. सुट्या भागांच्या बाजारांतील तशाच चिपसेटचा मदरबोर्ड काय पेलतो, यावरून तयार यंत्राचें अनुमान बांधूं नये. बायॉस कंपनीचा स्वतःचा असतो, आणि जो प्रोसेसर त्यास ठाऊक नाहीं, तो चालेल असा भरंवसा नाहीं.

बायॉस नवा करावयाचा असेल तर जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करावा. काढल्यावर ही आठवण झाली, तर सर्व पुन्हां पहिल्यापासून! त्या वेळीं मध्येंच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होण्याचा संभव. म्हणून यूपीएस असल्याशिवाय या कामास हात घालूं नये. वॅटही पाहावे. आय७-६७०० हा ६५ वॅटचा, पण नांवापुढें ‘के’ असलेला त्याचाच भाऊ ९१ वॅटचा आहे. पुस्तकाएवढ्या लहान पेटींत बहुधा ‘टी’ अक्षराचे ३५ वॅटचे प्रोसेसर असतात. तेथें पंखा व वीजपुरवठा दोन्ही तेवढ्याच मापाचे.

आमचें मत विचाराल तर सहाव्या पिढीच्या आय५ च्या जागीं त्याच पिढीचा आय७ घालण्यांत अभ्यासू मुलास फारसा लाभ नाहीं. कोअर चारच राहतात, धागे मात्र चारांचे आठ होतात. आणि विंडोज ११ च्या यादींत तोही नाहींच. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर फरक पहिल्याच दिवशीं दिसतो. त्या विद्यार्थ्याच्या यंत्रांत शेवटीं आम्हीं तेंच केलें, व त्यावर लिनक्स घातलें. शाळेचा अभ्यास त्यावर नीट चालतो. तो आय५-८४०० अद्याप डबींत आहे. ३०० मालिकेचा एखादा जुना मदरबोर्ड रास्त भावांत मिळतो का, याची चौकशी मुलगा स्वतः करीत आहे, आणि या वेळीं यादी त्याच्या खिशांत आहे.