माप निराळं, वजन निराळं

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या विचारतात, "तेलाची एक लिटरची पिशवी घरच्या काट्यावर ठेवली, तर साडेनऊशे ग्रॅमसुद्धा भरली नाही. दुकानदारानं फसवलं म्हणायचं का?"

नाही हो, फसवलेलं नाही! पिशवीवर छापलेलं 'एक लिटर' हे माप, आणि काट्यानं दाखवलं ते वजन. जिन्नस जागा किती व्यापतो हे मापावरून कळतं, तो जड किती हे वजनावरून. दोन्ही आकडे जुळतात ते पाण्याचे : एक लिटर पाणी, एक किलो. दूध किंचित जड, लिटरला 1030 ग्रॅमच्या आसपास. मध तर 1400 ग्रॅमपर्यंत जातो. तेल-तूप मात्र पाण्याहून हलकं, म्हणून तर आमटीवर तवंग येतो! लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं.

पिशवीपुरता हा फरक क्षुल्लक वाटेल. पण दिवाळीला डबा घेताना पाहा. बाजारात 15 किलोचा डबाही मिळतो आणि 15 लिटरचाही. दिसायला भाऊ-भाऊच. पण 15 लिटरच्या डब्यात तेल भरतं साडेतेरा-पावणेचौदा किलो. तेव्हा दोन दुकानांतले भाव ताडून बघताना आधी विचारायचं, "किलोचा की लिटरचा?" शिवाय तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं लिटरभर तेल 21 अंशाला 919 ग्रॅम असतं, तेच 60 अंशाला 893 ग्रॅमच. काही कंपन्या पिशवीवर असं चढं तापमान छापत. म्हणून 2022 साली केंद्र सरकारनं त्यांना तापमानाचा उल्लेख काढून मापाबरोबर वजनही छापायला सांगितलं. ते बारीक अक्षर चष्मा लावून वाचावं.

आईस्क्रीमची तर मजाच. ते विकतात लिटरवर, आणि घुसळताना त्यात हवा भरतात. नियमाप्रमाणे लिटरभर आईस्क्रीम किमान 525 ग्रॅम भरायला हवं. म्हणजे जवळपास निम्मा डबा हवेचा, तोही कायदेशीर!

आपल्या आज्या-पणज्यांचा धान्याचा व्यवहार बहुतेक मापाचाच. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. माप शीग लावून घ्यायचं की सपाट, एवढाच काय तो वाद. 1956 च्या कायद्यानं किलो-लिटर आले, धान्य तराजूत गेलं. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, यात वाटी लहान की मोठी याला महत्त्व नाही. सगळं एकाच वाटीनं मोजलं की झालं.

घोटाळा होतो तो अर्धी कृती ग्रॅममध्ये आणि अर्धी कपात असली म्हणजे. 240 मिलिलिटरच्या कपात साखर बसते 200 ग्रॅम, पण मैदा सव्वाशेच्या आसपास. पाव किलो मैदा म्हणजे दोन कप, एक नव्हे. केक दगडासारखा झाला की आपण उगीच ओव्हनला बोल लावतो.

केक बिघडला तर मुलं हसतील, पुन्हा करता येईल. औषधाचं तसं नाही, म्हणून हे जरा सावकाश वाचा. तापाच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीवर दोन आकडे असतात. मिलिग्रॅम हे औषधाचं वजन आणि मिलिलिटर हे पातळ सिरपचं माप. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत तेवढ्याच सिरपमध्ये 250. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम! डॉक्टरांनी 120 च्या बाटलीतून 5 मिलिलिटर सांगितलं, घरात ती संपली, म्हणून थेंबांच्या बाटलीतलं 5 मिलिलिटर पाजलं, तर पोटात 500 मिलिग्रॅम गेलं. चौपटीहून जास्त! चमचा तोच, औषधाचं नावही तेच. डॉक्टर लहान मुलाला आधी काट्यावर उभं करतात ना, ते यासाठीच. त्याच्या वजनावर मिलिग्रॅम ठरतात, आणि मग बाटली पाहून मिलिलिटर. बाटली बदलली की हिशेब बदलला. अशा वेळी अंदाज नको, डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला लेबल दाखवून विचारावं.

आणि चहाचा चमचा नको, बाई! घरोघरचे चमचे सारखे नसतात. कुणाच्यात तीन मिलिलिटर मावतं, कुणाच्यात सात. बाटलीबरोबर खुणांचं झाकण किंवा पिचकारी येते, तीच वापरावी. झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून बघावं, वरून बघितलं की चुकतं. एका बाटलीचं झाकण किंवा ड्रॉपर दुसरीला लावू नये, आणि थेंबांची बाटली सिरपच्या शेजारी न ठेवता वेगळ्या कप्प्यात ठेवावी.