उशीर चालेल, लबाडी नको

नवी गाडी घेणाऱ्यांत दोन जाती असतात. एक घरच्यांसाठी कार घेतो. ती दोन महिने उशिरा आली तर त्याचा दिवाळीचा किंवा ईदचा मुहूर्त हुकतो, हार घातलेल्या गाडीसमोरचा फोटो राहून जातो. चूल मात्र बंद पडत नाही. दुसरा पिकअप घेतो. भाजी, कोंबड्या, मासळी, आंबा, भंगार, मंडपाचे सामान असे काहीतरी वाहण्यासाठी. त्याची गाडी दोन महिने उशिरा आली तर दोन महिन्यांची कमाई जाते. हंगामी धंदा असेल तर वर्षाचीच जाते.

शोरूमच्या काउंटरवर मात्र दोघांना एकच उत्तर मिळते. ‘पुढच्या आठवड्यात नक्की.’

मी शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुले आज स्टिअरिंगवर आहेत. 2005 साली टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले, आणि आपल्या मोहल्ल्यांतले चित्र बदलले. दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून राबणारा मुलगा स्वतःच्या गाडीचा मालक होऊ शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. नंतर त्याहून मोठ्या पिकअप आल्या. नोकरी नाही, शेती नाही, दुकानाला पागडी नाही, अशा घरात गाडी हाच धंदा. म्हणून तिच्या खरेदीतल्या फसवणुकीबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते.

माझ्या मावसभावाचे उदाहरण देतो. तो रत्नागिरी तालुक्यात राहतो आणि बागायतदारांचा आंबा वाशीच्या मार्केटला नेतो. पंधरा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवली. एके वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शोरूममध्ये पन्नास हजार भरून पिकअप बुक केली. बुक करतानाच सांगितले, की फेब्रुवारीत पहिल्या पेट्या निघतात, मार्च-एप्रिलमध्ये खरी गर्दी, पाऊस आला की खेळ संपला. गाडी जानेवारीअखेर हवी. सेल्समनने छातीवर हात ठेवून ‘हो चाचा’ म्हटले. त्या शब्दावर भावाने दोन बागायतदारांना शब्द दिला.

जानेवारीत विचारले तर गाडी ‘कंपनीत बनतेय’. फेब्रुवारीत ती ‘ट्रेलरवर चढली’. दोन-तीन दिवसांच्या रस्त्यासाठी त्या ट्रेलरला पाच आठवडे लागले आणि तरी तो आला नाही. मार्चमध्ये ‘तुमचा रंग येत नाही, दुसरा चालेल का?’ भाऊ म्हणाला, आंब्याला रंगाचे काय, कुठलाही द्या. मग ‘आरटीओचा सर्व्हर डाऊन आहे’. याच दरम्यान शेजारच्या गावातल्या एकाने जानेवारीत बुक केलेली तशीच गाडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दारात उभी केली. त्याने कर्ज, विमा आणि वरच्या सगळ्या वस्तू त्याच शोरूमकडून घेतल्या होत्या.

एप्रिल संपताना आम्ही बसून एक अर्ज लिहिला. बुकिंगची तारीख, भरलेली रक्कम, प्रत्येक वेळी दिलेली नवी तारीख, झालेले नुकसान असे सगळे त्यात मांडले. एक प्रत शोरूमला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, एक कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेलने. अकरा दिवसांत गाडी मिळाली. चार महिने फोन करून जे झाले नाही ते एका कागदाने झाले.

पण तोवर मे उजाडला होता. दिलेला शब्द राखण्यासाठी भावाने भाड्याच्या गाडीतून आंबा नेला. कमाई भाड्यात गेली आणि एक बागायतदार दुसऱ्याकडे गेला तो गेलाच. गाडीचे आरसी बुक हातात आले तेव्हा त्यावर उत्पादनाचा महिना डिसेंबर होता. म्हणजे जानेवारीत ‘बनतेय’ असे आम्हाला सांगितले जात होते, तेव्हा ही गाडी बनून कुठेतरी उभी होती. शिवाय कागदावर ती आदल्या वर्षाची झाली. उद्या विकायला काढली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच वर्ष बघणार.

आता शोरूमवाल्यांची बाजूही ऐकू. कंपनी त्यांना हवी तितकी गाडी हवी तेव्हा देतेच असे नाही. 2021-22 मध्ये चिपचा तुटवडा होता, जगभर गाड्या अडकल्या होत्या, त्यात कुठल्या तालुक्याच्या डीलरचा दोष नव्हता. समोर बसलेला सेल्समन तर आपल्याच सारख्या घरातला मुलगा असतो. तुटपुंजा पगार, डोक्यावर महिन्याचे टार्गेट. ‘मला माहीत नाही’ म्हणाला तर गिऱ्हाईक उठून जाईल, आणि गिऱ्हाईक उठले तर साहेब ओरडेल. त्यामुळे गाडी उशिरा आली म्हणजे फसवले, असे मी म्हणत नाही. उशीर हा गुन्हा नाही.

याच ठिकाणी मला एक हदीस आठवते. सही मुस्लिममध्ये ती आहे आणि जुम्याच्या बयानात आपण अनेकदा ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले लागते. व्यापारी सांगतो, पावसाने भिजले. त्यावर प्रेषित त्याला विचारतात, की मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावतात. या प्रसंगात पावसाचा जाब कोणी विचारलेला नाही. पाऊस व्यापाऱ्याने पाडला नव्हता. जाब विचारला गेला तो ओल लपवल्याचा.

डीलरच्या बाबतीत हाच हिशोब लावावा. गाडी मेमध्ये येणार हे नोव्हेंबरमध्ये कळले असते, किंवा ‘तारीख सांगता येत नाही’ एवढे जरी खरे सांगितले असते, तर भावाने दुसऱ्या कंपनीची गाडी पाहिली असती, जुनी घेतली असती, निदान बागायतदारांना शब्द दिला नसता. खोटी तारीख देऊन त्याच्याकडून निवड करण्याचा हक काढून घेतला गेला. नुकसान तिथे झाले. डीलरला मात्र बुकिंगची रक्कम तेवढे महिने बिनव्याजी वापरायला मिळाली.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. आपल्यातले बरेच जण व्याज टाळण्यासाठी कर्ज न काढता गाडी घेतात. भावानेही तेच केले. थोडी बचत, बायकोच्या बांगड्या आणि कुवेतला असलेल्या मेहुण्याकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने पैसे. आपल्याला वाटते की रोख पैसे देणाऱ्याला मान जास्त. शोरूममध्ये उलटे असते. कर्ज करून दिले की डीलरला फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळते, विम्यावर मिळते, वस्तूंवर नफा मिळतो. रोखीच्या गिऱ्हाइकाकडून यातले काही मिळत नाही, म्हणून रांगेत त्याला मागे सरकवण्याचा मोह होतो. कर्जवाल्याचे वेगळे मरण आहे. डीलर बँकेकडून पूर्ण रक्कम आधीच उचलून घेतो आणि गाडी दारात नसताना हप्ता सुरू होतो.

मग करायचे काय? कुरआनातली सर्वात लांब आयत नमाजेबद्दल किंवा रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार करण्याबद्दल आहे. आगाऊ पैसे देऊन माल नंतर घेण्याच्या सौद्याला फिक्हमध्ये सलम म्हणतात. मदीनेत लोक खजुरासाठी असे आगाऊ पैसे देत असत, तेव्हा माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी अशी अट घातली गेली. चौदाशे वर्षांपूर्वी खजुराला जी अट होती ती आज दहा लाखांच्या गाडीला लावायला आपल्याला संकोच वाटतो. समोरचा ओळखीचा, त्याने चहा पाजला, ‘भाई’ म्हणाला, आता लिहून कसे मागायचे? हा लिहाज आपल्याला महाग पडतो. लिहून मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहून घेतल्याने दोघांच्याही जबानीची राखण होते.

तेव्हा बुकिंगच्या पावतीवर डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या. ‘अंदाजे’ लिहिणार असतील तर अंदाजे कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती टळली तर पैसे किती दिवसांत व किती कापून परत, हेही लिहून घ्या. पावतीच्या मागे बारीक इंग्रजीत अटी असतात, त्या घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. ‘किंमत डिलिव्हरीच्या दिवसाची’ ही अट हमखास असते. भाव वाढला की ती अट दाखवली जाते. पण ती दोन्ही बाजूंनी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. आधी बुक केलेल्या पण त्यानंतर बिल झालेल्या गाडीला नवा दरच लागायला हवा.

उरलेली मोठी रक्कम भरण्याआधी, किंवा बँकेला ती सोडायला सांगण्याआधी, तुमच्या नावावर दिलेल्या गाडीचा चेसिस नंबर लेखी मागा आणि यार्डात जाऊन तो गाडीवर पाहा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष तेव्हाच विचारा. विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचे असते, डीलरला त्याची सक्ती करता येत नाही. एक्स-शोरूम किमतीवर वेगळा ‘हँडलिंग चार्ज’ लावला असेल तर तो कशाचा, हे बिलावर लिहायला सांगा. बऱ्याचदा एवढे विचारले की ती ओळ गायब होते. आणि कायम किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. नोंदणीशिवाय ती देण्याची डीलरला परवानगीच नाही.

फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ‘आज आपण अमुक तारीख दिली.’ समोरून नुसता अंगठा आला तरी तो पुरावा आहे.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे पिकअपवाल्याला घाबरवण्यासाठी एक वाक्य नेहमी वापरले जाते, ‘तुमची गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही.’ हे अर्धसत्य आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे खरी, पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, असे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्ट केले आहे. त्याआधी 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक समजावताना ट्रकचेच उदाहरण दिले होते. ट्रक घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक, तर पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात चालवायला देणारा नव्हे. म्हणून तक्रारीत ‘ही गाडी मी स्वयंरोजगारासाठी घेतली असून मीच चालवतो’ हे वाक्य न विसरता लिहा.

तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आता ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. निकालाला वेळ लागतो हे खरे. पण तक्रारीची लेखी नोटीस गेल्यावरच बरेच डीलर बोलायला बसतात.

शेवटी आपल्याच माणसांशी दोन शब्द. काउंटरच्या पलीकडेही आपली मुले बसतात. कुणी शोरूममध्ये सेल्समन आहे, कुणी जुन्या गाड्यांचा एजंट, कुणी आरटीओची कामे करतो. कुणाचे फर्निचरचे दुकान आहे, कुणी ईदचे कपडे शिवतो आणि चाँदरातीपर्यंत ‘झालेच’ म्हणतो. डीलरच्या खोट्या तारखेवर चिडणाऱ्या आपण आपल्या गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेकडेही पाहायला हवे. काम लांबणार असेल तर आधी फोन करून सांगणे, एवढे प्रत्येकाला जमते. त्याला भांडवल लागत नाही, डिग्री लागत नाही. गिऱ्हाईक थोडे कुरकुरेल, एखादे जाईलही. जे राहील ते पुढच्या वेळी पावती न मागता पैसे ठेवून जाईल. तरीही त्याला पावती लिहून द्या.