बोलतं करणं

गुन्ह्यांच्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलं आहे. पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला. जिल्हा पुरवणीत ते अधूनमधून सापडतंच, आणि त्याच्या वरच्या ओळीत पुष्कळदा जातीचं नावही असतं : अमुक टोळी, तमुक समाजाचे संशयित. वाचणारा पान उलटतो. खाक्या म्हणजे नेमकं काय, हे विचारण्याचं कुणाच्या मनात येत नाही.

या सदरात आजवर कोठड्यांबद्दल, जामिनाबद्दल, वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या कच्च्या कैद्यांबद्दल लिहिलं गेलं. आज विषय आहे तो बोलण्याचा. ठाण्यात माणूस बोलतो त्याला जबाब म्हणतात. प्रश्न दुसऱ्याचा, शब्द बहुतेक लिहून घेणाऱ्याचे, अंगठा तेवढा त्याचा. पण तोच माणूस कधी चुलीपाशी, कधी वहीत, कधी चार जणांच्या घोळक्यात आपली हकीकत सांगू लागतो तेव्हा ती कुठूनही सुरू होते, आजोबांपासून, गाढवांपासून, शाळेच्या पहिल्या दिवसापासून. तुरुंगाची, माराची आणि लाजेची जखम जिथे भरून आलेली दिसते तिथे अशी हकीकत सापडते. महाराष्ट्राला हे सांगण्यासाठी परदेशातली उदाहरणं आणायची गरज नाही. इथे तर कायद्यानेच माणसांना जन्मतः लाज वाटून दिली होती.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत लागू झाला, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही त्याचा जाच सुरू झाला. एखाद्या जमातीचं नाव यादीत चढलं की तिच्यात जन्मलेलं पोरही गुन्हेगार. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला काटेरी तारेच्या कुंपणात वसाहत होती. आतली माणसं शहरातल्या कापड गिरण्यांत राबायची आणि हजेरीच्या वेळी तारेच्या आत परतायची. सोलापुरात त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. देश स्वतंत्र झाला तेव्हा १२७ जमातींमधली सुमारे १ कोटी ३० लाख माणसं या कायद्याखाली होती. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे बाकीच्या देशानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक दिनदर्शिकांत तो नसतो.

तार निघाली, पण मान खालीच राहिली. पोलीस पहिल्यासारखेच येत होते, आणि शेजारगावच्या चोरीचा माग काढताना कुत्र्याच्याही आधी पारध्यांच्या पालावर पोचत होते. ही लाज मोडण्याचं पहिलं मोठं काम मराठीत पुस्तकांनी केलं. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतो ती दया पवारांना, म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या, शिकलेल्या रूपाला. मराठी आत्मकथनाची ही वाट संवादानेच उघडली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ आलं, आणि १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’.

‘उचल्या’चं नावच घ्या. ज्या शब्दाने पोलीस हाक मारायचे, गावकरी तोंड फिरवायचे, तो शब्द लेखकाने मुखपृष्ठावर घेतला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचं हे लेखकाचं घर. आजोबांच्या मागे पोलिसांची हजेरी लागलेली. पोरांना पाकीट मारायला शिकवायचे, तसाच पोलिसांचा मार सोसायलाही शिकवायचे, घरातल्याच माणसांनी मारून, म्हणजे पुढे ठाण्यात तोंड उघडणार नाही. छोटा लक्ष्मण शाळेत जाऊ लागला तर वस्तीतल्या पोरांच्या आजारपणाचा ठपका त्याच्या शाळेवर आला. ज्या घरात न बोलण्याची तालीम मिळाली त्या घरातल्या मुलाने पुढे सगळं लिहून काढलं, आणि तेही कुणी न मारता. १९८८ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून मोठी गोष्ट अशी की, ‘मी उचल्या आहे’ हे वाक्य पहिल्यांदाच जबाबाच्या बाहेर, लेखकाच्या स्वतःच्या सहीनिशी छापलं गेलं.

अशा पुस्तकांना समीक्षक ‘दाहक वास्तव’ म्हणून मोकळे होतात. दाह तर आहेच. पण त्यात विसाव्याच्याही जागा आहेत, आणि त्या वाचायच्या राहून जातात. आजोबाबद्दल माया वाटते हे चोराच्या नातवाला सांगता येणं, ही साधी गोष्ट नाही. लाज माणसाकडून प्रेमही लपवून घेते.

मारहाणीत माणूस गेला तर मागे राहिलेल्यांचं दुःखही असंच लपवावं लागतं. चोर म्हणून गेलेल्यासाठी मोठ्याने रडायचं कसं? फेब्रुवारी १९९८ मध्ये बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाचा तरुण बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन नातेवाइकांकडे निघाला होता. वाटेत पानाच्या टपरीपाशी पोलिसांनी त्याला पकडलं. खेडिया शबर ही जमातही त्या जुन्या यादीतली. आठवड्याभरात तो तुरुंगात मेला. त्याने गळफास घेतला, असं सांगण्यात आलं. गावकऱ्यांनी मग जे केलं ते वाचताना अजून काटा येतो. सगळ्यांसमोर त्यांनी बुधन म्हणून एक पुतळा जाळला आणि बुधनचा देह त्याच्याच झोपडीत जमिनीखाली पुरून ठेवला. मार खरा की फास खरा, हे पुन्हा तपासता यावं म्हणून. लेखिका महाश्वेता देवींच्या पुढाकाराने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं, देह उकरून पुन्हा तपासला गेला, आणि जुलैमध्ये न्यायालयाने भरपाईचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला.

त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि भाषा-अभ्यासक गणेश देवी अहमदाबादच्या छारानगरात गेले होते. छारा म्हणजे आपल्याकडचे कंजारभाट. सोलापूरसारखीच तिथेही तारेच्या आतली वसाहत होती. हातभट्टी आणि चोरी यांच्या पलीकडे या वस्तीला शहरात ओळख नव्हती. तिथल्या तरुण पोरांनी वाचनालय मागितलं. वाचनालय झालं, आणि त्यात बसून त्यांनी बुधनच्या खटल्याची हकीकत वाचली. पुरुलिया हजार मैलांवर, भाषा वेगळी, माणसं कधी न पाहिलेली. तरी पोरांना ती ओळखीची वाटली. ३१ ऑगस्ट १९९८ ला, म्हणजे विमुक्त दिनीच, त्यांनी ‘बुधन’ नाटक केलं आणि आपल्या मंडळाचं नावही बुधन थिएटर ठेवलं. बुधनला बसलेला मार रंगवताना घरच्यांना बसलेला मार आठवतो, असं तिथले कलाकार सांगत आले आहेत. वडिलांनी चोऱ्या करून आपल्याला शिकवलं, हेही त्यांच्यातले काही जण मुलाखतींत उघडपणे सांगतात. हे वाक्य ऐकताना ऐकणाराच अवघडतो, सांगणारा नाही. २०११ चा ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा माहितीपट याच वस्तीवर आहे.

इथे एक खुलासा हवा. बोलून टाकलं की मन हलकं होतं, असं आपण सर्रास म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना रोज १५ मिनिटं, चार दिवस, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. बरं वाटल्याच्या खुणा नंतरच्या महिन्यांत दिसल्या, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हा. आघातानंतर लगेच बसवून एकदाच सगळं वदवून घेण्याची पद्धत मध्यंतरी फार रूढ झाली होती. तिचे एकत्रित आढावे घेतले गेले तेव्हा तिचा फायदा दिसला नाही, काहींना तर इजाच झालेली दिसली. थोडक्यात, बळजबरीने सांगायला लावलं तर समुपदेशकाची खोलीही ठाण्यासारखी होऊ शकते.

मग उपयोग कशाचा होतो? गुन्हेशास्त्रज्ञ शॅड मरूना यांनी लिव्हरपूलमधल्या सराईत गुन्हेगारांच्या दीर्घ जीवनकहाण्या ऐकल्या. त्यावरचं त्यांचं ‘मेकिंग गुड’ हे पुस्तक २००१ मध्ये आलं. गुन्हे करत राहिलेल्यांची कहाणी अशी होती की आपलं आधीच ठरलेलं आहे, आता हातात काही नाही. ज्यांनी ती वाट सोडली त्यांची परिस्थिती फारशी वेगळी नव्हती, कहाणी मात्र निराळी होती : केलं ते मी केलं, पण तेवढाच मी नव्हे, आणि जे भोगलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. छारानगरातली पोरं नेमकं हेच करत होती. फक्त त्यांनी ते एकेकट्याने केलं नाही, सगळ्या आळीसमोर केलं. आईबापही प्रेक्षकांत होते.

नाटकाने सगळं बदललं, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. २०१८ च्या जुलैमध्ये एका रात्री पोलिसांचा मोठा ताफा छारानगरात शिरला. वस्तीतल्या गाड्या फुटल्या, माणसांना मार बसला, त्यात वकीलही होते. वीस वर्षं आपली गोष्ट सांगूनही ती ज्यांनी ऐकायची होती त्यांच्या कानांवर पडलेली नव्हती.

बदलाच्या बाजूने एक गोष्ट नक्की घडली. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदाच्या हकिकती गोळा करून लिहिल्या, आणि मग त्या घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने निकाल दिला. जात पाहून झाडलोट आणि स्वयंपाकाची कामं वाटणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला न्यायालयाने सांगितलं. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींचाही समाचार घेतला. म्हणजे १८७१ ची ती यादी कुठे कुठे अजून श्वास घेत होती, हे १५३ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आलं. ते आलं याचं कारण तुरुंगात राहून आलेली माणसं बोलली आणि कुणीतरी नीट ऐकून घेतलं. वर्तमानपत्रांनीही आपल्या बातमीतला जातीचा रकाना आता पुसावा. त्यासाठी कुठल्या न्यायालयाची वाट पाहायचं कारण नाही.

बुधन थिएटरचं आणखी एक नाटक आहे, ‘पिन्या हरी काळे की मौत’. पिन्या काळे आपला, पारधी समाजातला. जून १९९८ मध्ये, म्हणजे बुधननंतर चारच महिन्यांनी, तो बारामतीत पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याचं मरण अहमदाबादेत, हिंदीत, छारा मुलांनी उभं केलं. ते एकदा बारामती तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर मराठीत व्हावं, पारधी पोरापोरींनी ते करावं, आणि मध्येच थांबून त्यांना आपल्या घरचं काही सांगावंसं वाटलं तर तेही सांगू द्यावं. पुढच्या रांगेत तालुक्याचे बातमीदार असावेत, वही मिटून.